वाजता कोपरा

त्याला सगळे खाटवैद्य म्हणत. हाडं बसवणारा जसा हाडवैद्य, तसा हा. दार बसवायचं असेल, कपाट करायचं असेल तर तो सरळ दुसऱ्या सुताराकडे बोट दाखवायचा. पलंग मात्र कुठल्याही अवस्थेत आणा: पाय लुळा पडलेला, बाजूची फळी चिरलेली, पोरांनी उड्या मारमारून मधूनच खचवलेला. "चार दिवसांनी या," एवढंच म्हणायचा, आणि चार दिवसांनी पलंग असा उभा असायचा की त्यावर सगळं घर नाचलं तरी हलणार नाही.

पण हलत नाही याचं त्याला फारसं कौतुक नव्हतं. "मजबूत काय, कुणीही करील," तो म्हणायचा, "चार स्क्रू जास्त पिळले की झालं. न वाजणारा करून दाखवा म्हणावं." हा त्याचा खरा तोरा. नवीन लग्न झालेली माणसं मान खाली घालून त्याच्या दुकानात यायची, पलंगाबद्दल काहीतरी पुटपुटायची, आणि हा रंध्यावरची नजर न काढता विचारायचा, "वाजतो ना? उशाकडून की पायथ्याकडून?" गिऱ्हाईक कानापर्यंत लाल व्हायचं. याच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही.

त्याची रीत ठरलेली होती. आधी पलंग पूर्ण खोलायचा. सांध्यात साठलेला जुना सरस पटाशीनं खरवडून काढायचा, जिथे लाकूड आकसलंय तिथे कागदाएवढी पातळ पाचर घालायची, नवा सरस लावून दोरीनं आवळून एक दिवस ठेवायचं. चारी कोपऱ्यांत आतून तिकोनी ठोकळे. मधोमध उशापासून पायथ्यापर्यंत एक जाड फळी आणि तिच्याखाली पाचवा पाय. हे सगळे सुतार करतात. याचं स्वतःचं म्हणजे सायकलची जुनी ट्यूब. तिच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून तो प्रत्येक आडव्या पट्टीखाली चिकटवायचा, म्हणजे लाकडाला लाकूड लागत नाही. आणि सगळं झालं की चपला काढून स्वतः त्या पलंगावर आडवा व्हायचा, डोळे मिटायचा, आणि या काठापासून त्या काठापर्यंत तीनदा लोळायचा. गिऱ्हाईक समोर उभं, रस्त्यावरून माणसं जातायत, आणि हा साठीचा बाप्या लोळतोय. त्याला त्याचं काही नव्हतं. तो ऐकत असायचा.

दुकानाच्या मागे त्याची राहायची खोली. दोन्हींच्या मध्ये फळ्यांची भिंत, तीही छताला न टेकलेली. त्या खोलीत त्याची बायको अडीच वर्षं पडून होती.

एके काळी ती बोलायला लागली की समोरच्या शिंपीणबाईंचं मशीन थांबायचं. दुकानात स्टुलावर बसून गिऱ्हाइकं तीच सांभाळायची, कारण नवऱ्याच्या तोंडून शब्द काढायचा तर सांडशी लागायची. मग एका सकाळी ती मोरीत पडली. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. राहिला तो घशातून येणारा एक बारीक, फुटका आवाज, जो दोन हातांवर ऐकू यायचा नाही. डावा हात छातीपर्यंत उचलता यायचा. डावा पाय तेवढा शाबूत होता, त्याला जोर होता.

खाटवैद्यानं तिचं सगळं केलं. लेक दुसऱ्या गावी, एक रविवार सोडून एका रविवारी बसनं यायची. बाकी दिवस हाच. अंग पुसायचा, कूस बदलायचा, चादरी धुवायचा, चमच्यानं भरवायचा. कंटाळला असेल, पण कुणी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नाही. आणि याहून नवलाची गोष्ट म्हणजे त्याला वेळ कळायची. रंधा अर्ध्यावर आलेला असायचा, हा थांबायचा, रंधा आडवा ठेवायचा आणि आत जायचा. आणि नेमकं त्याच वेळी तिला पाणी हवं असायचं, नाहीतर चादर ओली झालेली असायची, नाहीतर पायात गोळा आलेला असायचा. शिंपीणबाई हे समोरून रोज बघायच्या.

एकदा त्यांनी विचारलंच, "दादा, तुम्हाला कळतं तरी कसं?"

"अडतीस वर्षांचा संसार आहे, बाई," तो म्हणाला. छातीवर हात ठेवला. "आतून कळतं."

कामाबाहेर आयुष्यात त्यानं मारलेली ही एवढी एकच फुशारकी. आणि नेमकी तीच खोटी होती. खोटं तो बोलत नव्हता, त्याला तसं मनापासून वाटत होतं. पण आतूनबितून काही कळत नव्हतं. पलंग वाजत होता.

तो पलंग म्हणजे त्याच्या हातचं पहिलं काम. लग्नाआधी केलेला, न मुरलेल्या लाकडाचा, न मुरलेल्या हाताचा. वर्षा-दोन वर्षांतच लाकूड आकसलं आणि सांधे सैल झाले. त्यानं तो दुरुस्त करायचं किती वेळा काढलं, बायकोच आडवी यायची. "असू द्या हो," ती म्हणायची, "तुम्ही तर बोलत नाही. तो तरी बोलतो." आता बोलता येईना तेव्हा ती त्या पलंगाकरवीच बोलायला लागली. डावी टाच पायथ्याच्या फळीला लावायची आणि रेटायची. कर्र. एकदा रेटलं म्हणजे सावकाश या. दोन-तीनदा म्हणजे हातातलं टाका. नवऱ्याला ती हे समजावून सांगू शकत नव्हती, आणि सांगायची गरजही पडली नाही, कारण तो यायचा. दिवसभर पलंगांची करकर ऐकून मुरलेला तो कान. ऐकलेलं डोक्यात पोचायच्या आधीच त्याचे पाय निघालेले असत. फळीपलीकडून त्याचं "आतून कळतं" ऐकू आलं तेव्हा तिच्या तोंडाची डावी बाजू हलली. अडतीस वर्षांत नवऱ्यानं पहिल्यांदा काहीतरी प्रेमाचं बोललेलं, तेही परक्या बाईजवळ. ती कशाला ते मोडेल?

लेकीनं मध्यंतरी एक पितळी घंटा आणली होती. "आईच्या डाव्या हाताशी ठेवा, बाबा. लागेल तेव्हा वाजवेल."

"मी काय शाळेतला शिपाई आहे, घंटा झाली की उठायला?" त्याला ते खरंच लागलं. "मला कळतं." त्यानं घंटा उचलली आणि दुकानात सरसाच्या डब्यांशेजारी वरच्या फळीवर ठेवून दिली.

मग तो रविवार आला. लेक आईचे केस विंचरायला पलंगाच्या काठावर बसली आणि बाजूची फळी कडाड् करून खाली आली. दोन आडव्या पट्ट्या निसटल्या, आई कमरेतून खचली. दोघांनी मिळून तिला उचललं, खाली गादीवर ठेवलं. कुठे लागलं नव्हतं. पण लेक भडकली.

"जगाचे पलंग नीट करता तुम्ही. आणि आईला या सापळ्यावर ठेवलंत? उद्या ती रात्रीची खाली आली तर?"

शरमेनं त्याला वर बघवेना. त्यानं हत्यारांची पेटी आत आणली आणि तिथेच, बायकोपासून चार हातांवर, पलंग उलटा केला.

बायकोनं त्याला पटाशी काढताना बघितलं आणि तिचा तो बारीक आवाज सुरू झाला. गादीवरून मान डावी-उजवीकडे हलवायची, डाव्या पायानं जमीन घासायची. तो जवळून जाताना तिनं त्याचा पायजमा मुठीत धरला. त्यानं हळूच एकेक बोट सोडवलं.

"दोनच दिवस गं. थोडा आवाज सहन कर."

"आईला धूळ सहन होत नाहीये," लेक म्हणाली, आणि आईच्या नाकावर ओला रुमाल धरला.

आवाज नाही, धूळ नाही. ती आपली जीभ कापू नका म्हणून सांगत होती. पण सांगणार कसं?

असं काम त्यानं दुसऱ्या कुणासाठी केलं नव्हतं. दोन्ही कर्ण सुतळीनं मोजले, केसभरही फरक नको म्हणून पुन्हा मोजले. सांधे खरवडून कोरे केले. ठोकळे साध्या लाकडाचे नकोत म्हणून जपून ठेवलेल्या सागाच्या तुकड्यांचे केले. बोल्टना मेण लावलं. ट्यूबच्या पट्ट्या एकेरीऐवजी दुहेरी. शेवटी तो त्यावर आडवा झाला, डोळे मिटले, तीनदा लोळला. आणि उठला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते, कारण ज्याच्यावर त्याचा संसार सुरू झाला तो पलंग पहिल्यांदा त्याच्या नावाला शोभेसा झाला होता.

तिला त्यानं वर निजवलं. तिनं टाच पायथ्याला लावली आणि रेटली. काही नाही. पुन्हा रेटली, दात आवळून. तो ते बघत होता आणि हसत होता.

"बघतेस काय? ढिम्म हलायचा नाही आता."

तिनं भिंतीकडे तोंड केलं. त्याला वाटलं, दमली.

पुढच्या दिवसांत त्याचं कळणं बिघडलं. आत जावं तर चादर कधीची भिजून गार झालेली. ओठ सुकलेले. एकदा पाय गोळ्यानं वाकडा झालेला आणि ती घामानं डबडबलेली. तो घाबरा होऊन करायचा सगळं, आणि करता करता चिडायचाही. "मला सांगायचं नाही का गं?" असं त्या मुक्या बाईला तो म्हणाला. दोनदा म्हणाला. हे त्याला पुढे आयुष्यभर पुरलं.

"हल्ली मधेच उठत नाही दादा तुम्ही," शिंपीणबाई म्हणाल्या.

"वय झालं," तो म्हणाला. पण मनात त्यानं वेगळंच धरलं होतं. त्याला वाटत होतं, माझी माया आटत चालली. अडीच वर्षांनी माणूस थकतो, आतलं काहीतरी विझतं, तसं माझं विझलं. हा विचार त्याला खायला उठायचा. मग तो दर तासानं आत डोकावायला लागला. पण घड्याळाला काय ठाऊक तिला केव्हा काय होतंय?

अकराव्या दिवशी सकाळी त्यानं तिला दूध पाजलं, तोंड पुसलं, उशी नीट केली आणि बाहेर आला. एका गिऱ्हाइकाचा पलंग तयार होता, फक्त तपासायचा राहिला होता. त्यानं चपला काढल्या आणि त्यावर आडवा झाला. डोळे मिटले, कान टवकारले. एकदा लोळला, दोनदा लोळला, तीनदा लोळला. कुठे चूं नाही. मन भरलं म्हणून तो तसाच थोडा वेळ पडून राहिला. सगळीकडे शांत होतं. फळीपलीकडेही शांत होतं.

आत गेला तेव्हा दूध उलटून तिच्या श्वासात गेलेलं होतं. उशी भिजली होती. डोळे दाराकडे होते. अंग अजून गरम होतं.

डॉक्टर म्हणाले, "अशा पेशंटना होतं असं. वेळेवर कुणी कुशीवर केलं तर वाचतात."

"मी इथेच होतो," तो म्हणाला. "दहा पावलांवर."

लेक आली. आईचं अंग पुसताना थांबली. "बाबा, आईची टाच बघा. सोलली कशी एवढी?" डाव्या टाचेचं कातडं निघून आत लाल झालं होतं, आणि पायथ्याच्या फळीवर तेवढ्याच जागी एक तपकिरी डाग होता. तो बघत राहिला. "चादर घासली असेल," असं काहीतरी म्हणाला.

सगळं आटोपलं. आठवड्यानं लेकही गेली. दुकान उघडलं तरी त्याच्या हातून काम होईना. एका दुपारी शिंपीणबाई जेवणाचा डबा घेऊन आल्या. बसायला जागा नव्हती म्हणून दुरुस्तीला आलेल्या एका मोडक्या पलंगावर टेकल्या.

कर्र.

तो उठला. हातातली काचपेपरची घडी खाली ठेवली आणि आत निघाला. खोलीच्या दारात पोचला, पाण्याच्या तांब्याकडे हात गेला, आणि समोर रिकामी गादी दिसली. तिथेच तो उभा राहिला.

"काय झालं दादा?" शिंपीणबाई घाबरून उठल्या. पलंग पुन्हा वाजला. त्याचं सबंध अंग पुन्हा एकदा हललं.

मग तो तिच्या जागी आडवा झाला. उजवा हात, उजवा पाय टाकून दिला. डावी टाच पायथ्याच्या फळीला लावली, बरोबर त्या डागावर, आणि रेटली. साठीच्या गड्याचा पाय, सगळा जोर लावून रेटला. पुन्हा रेटला. पलंग ढिम्म होता. आयुष्यात त्यानं याहून चांगलं काम केलं नव्हतं.

शिंपीणबाई दारात उभ्या होत्या.

"मला आतून काही कळत नव्हतं बाई," तो आढ्याकडे बघत म्हणाला. "ती बोलवायची. मी तिचं तोंड बंद केलं."

बाईंना समजायला वेळ लागला. समजल्यावर त्यांनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "तुम्ही तिच्या भल्यासाठीच केलंत ना?"

"हो ना," तो म्हणाला. "कुणाच्या वाईटासाठी केलं असतं तर इतका जीव लावून केलं नसतं."

त्या संध्याकाळी त्यानं फळीवरची घंटा काढली आणि धूळ पुसली. वाजवून बघायचं धाडस झालं नाही. होती तिथे पुन्हा ठेवली. नंतर त्यानं पलंग खोलायलाही घेतला, ट्यूबच्या पट्ट्या ओरबाडून काढल्या, बोल्ट सैल केले. तरी तो वाजेना. सरस लाकडात पार मुरला होता. ते सांधे आता फक्त करवतीनंच सुटले असते, आणि करवत लावायला त्याचा हात धजला नाही. तो जमिनीवर झोपायला लागला.

काम पुन्हा सुरू झालं, कारण दुसरं त्याला काही येत नव्हतं. फरक एवढाच की आता तो पलंग घेण्याआधी विचारतो, "यावर झोपतं कोण?" नवरा-बायको असतील, पोरंबाळं असतील तर काम पूर्वीसारखंच, ढिम्म आणि मुकं. पण घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं आहे असं कळलं की पुढे आणखी विचारतो: कुठला हात चालतो, कुठला पाय चालतो, डोकं कुठल्या बाजूला. गिऱ्हाइकांना वाटतं, म्हातारा चौकस झालाय. मग तो पलंग पक्का करतो, चारी ठोकळे, मधली फळी, पाचवा पाय, सगळं. एका सांध्याला मात्र पाचर घालत नाही, आणि त्याच्याजवळच्या पट्टीखाली रबर लावत नाही. लोळून तपासतो, आणि तो कोपरा वाजला की उठतो.

अर्थात नाव खराब झालं. खाटवैद्याचा हात गेला, बायको गेल्यापासून लक्ष नसतं, असं लोक बोलतात. त्याच्या कानावर येतं. तो कुणाला काही समजावत बसत नाही.

परवा एक माणूस भांडायलाच आला. शाळेत शिकवणारा, नीटनेटका. त्याच्या आईचा पलंग महिन्यापूर्वी इथून गेला होता.

"तुमचं एवढं नाव ऐकून आलो होतो," तो म्हणाला. "पायथ्याचा डावा कोपरा वाजतो. बाकी कुठून नाही, तिथूनच. आईनं जरा पाय हलवला की कर्र. झोपमोड होते हो माणसाची."

खाटवैद्य रंधा मारत होता, तो थांबला.

"वाजला की तुम्ही काय करता?"

"करणार काय? उठतो. आत जाऊन बघतो, काय हवंय तिला."

"मग ठीक आहे," खाटवैद्य म्हणाला, आणि खाली बघून रंधा मारायला लागला.